निकोडेमस: पेठ उठली, वस्ती राहिली

अमेरिकेतल्या कान्सास राज्याच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ, २४ क्रमांकाच्या महामार्गाला लागून निकोडेमस नावाची वस्ती आहे. गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी ती १८७७ साली वसवली. ही वस्ती संपत गेल्याच्या तारखा एकामागून एक सांगता येतात. १८८८ साली रेल्वे नदीच्या पलीकडून गेली आणि पेठ उठली. १९५० साली गावठाणात सोळा माणसे उरली होती. १९५३ साली पोस्ट बंद झाले, १९६० साली शाळा. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १४. त्याच वस्तीत दर वर्षी जुलैच्या अखेरीला दूरदूरच्या शहरांतून शेकडो माणसे उतरतात. त्यांतली बरीच तिथे जन्मलेलीही नसतात, तरी ती 'घरी' आलेली असतात.

निकोडेमसची गोष्ट बहुतेक वेळा रेल्वेने मारलेले गाव म्हणून सांगितली जाते. मला ती अर्धीच वाटते. रेल्वेने पेठ मारली, हे खरे. पण पेठ म्हणजे गाव नव्हे, आणि निकोडेमसमध्ये तर पेठ आणि वस्ती या पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक कागदावर आखून विकायला काढलेली होती. दुसरी माणसांनी हातांनी खणून उभी केली होती. एक बुडाली तेव्हा दुसरी का तरली, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मी मुळापासून मांडतो आहे.

नाव आहे, पालिका नाही

आधी कायद्याची बाजू. अमेरिकेत एखाद्या ठिकाणी घरे झाली, दुकाने झाली, नाव पडले, म्हणून तिथे आपोआप स्थानिक सरकार येत नाही. रहिवाशांनी राज्याच्या कायद्याप्रमाणे पालिका स्थापन करून घ्यावी लागते. मगच महापौर, परिषद, स्वतःचा कर, स्वतःचे नियम. तसे केले नाही तर त्या ठिकाणाला नाव असते, नकाशावर ठिपका असतो, पण कारभार काउंटी, म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग, पाहते आणि थोडाफार टाउनशिप. कान्सासमध्ये टाउनशिप म्हणजे आसपासच्या शेतवस्तीसकटचा एक चौकोनी टापू. त्याचे मंडळ तिघांचे: विश्वस्त, कारकून आणि खजिनदार. आपल्याकडे गट ग्रामपंचायतीतली एखादी वाडी असते, जिला नाव, देऊळ, पाणवठा सगळे आहे पण स्वतःची पंचायत नाही, तिच्याशी हे थोडे जुळते.

निकोडेमस असेच पालिका नसलेले ठिकाण आहे. याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. पालिका असलेले गाव ओस पडले की कधीतरी ठराव होतो, सनद रद्द होते, गाव अधिकृतपणे मिटते. निकोडेमसमध्ये मिटवायला असे काही नव्हतेच. पोस्ट गेले, शाळा गेली, दुकाने गेली, प्रत्येक गोष्ट आपापल्या खात्याने बंद केली. गाव बंद करण्याचा अधिकार मात्र कुणाच्याही हातात नव्हता. ते कुणाचे आहे, हे तिथल्या माणसांनी आणि त्यांच्या लेकरानातवंडांनी ठरवायचे होते.

पाच डॉलर

१८७७ साल. यादवी युद्ध संपून बारा वर्षे झाली होती. दक्षिणेतून केंद्राचे सैन्य त्याच वर्षी मागे घेतले गेले आणि मुक्त झालेल्या गुलामांना मिळालेले राजकीय संरक्षण संपत आले. निकोडेमसचे बहुतेक पहिले रहिवासी मात्र केंटकीचे होते आणि केंटकीची कहाणी जरा वेगळी आहे. ते राज्य गुलामीचे होते, पण युद्धात फुटून निघाले नव्हते. म्हणून लिंकनची १८६३ ची मुक्तीची घोषणा तिथे लागूच नव्हती. तिथली गुलामी कायद्याने संपली ती १८६५ च्या डिसेंबरात, तेराव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउनच्या परिसरातून निघालेल्या प्रौढ माणसांना स्वतःच्या नावाने जगायला लागून जेमतेम एक तप झाले होते. त्यांच्याकडे शेतीचे कसब होते, जमीन नव्हती. ज्या मातीत राबायचे ती जुन्या मालकांच्याच नावावर.

इथे मराठी वाचकाला एक जुनी ओळख आठवावी. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली गेली त्यानंतर चारच वर्षांनी, ती मुक्ती प्रत्यक्ष जगू पाहणारी माणसे केंटकीहून कान्सासला निघाली. सुटका झाल्यावर पुढे काय, पोट कशावर भरायचे, घर कुठे बांधायचे, या प्रश्नांची उत्तरे ती माणसे शोधत होती.

कान्सासच का? एक तर हे राज्य युद्धाच्या आधी गुलामी नाकारून संघराज्यात आलेले. गुलामीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राऊनचे नाव त्या मातीशी जोडलेले. दुसरे म्हणजे १८६२ चा होमस्टेड कायदा. सरकारी जमिनीतला १६० एकरांचा तुकडा थोडी फी भरून मागायचा, तिथे पाच वर्षे राहून ती कसायची, मग जमीन तुमच्या नावावर. जमीन 'मोकळी' होती, कारण तिथे शिकार करणाऱ्या पॉनी, शायान, अरापाहो या मूळ लोकांना त्याआधीच मागे रेटले गेले होते. हे नोंदवल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. एका समाजाला मिळालेल्या आसऱ्याखाली दुसऱ्या समाजाचे उठवले जाणे गाडलेले आहे.

निकोडेमस टाउन कंपनी १८७७ च्या वसंतात स्थापन झाली. डब्ल्यू. आर. हिल हा इंडियानाहून आलेला गोरा जमीन-व्यावसायिक तिचा खजिनदार होता आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक अध्यक्ष. सायमन राउंडट्री हे दुसरे उपदेशक जूनमध्ये तिथे पोहोचलेले पहिले रहिवासी. कंपनीने १६० एकरांचे गावठाण आखले आणि चर्चांमधून जाहिराती वाटल्या. त्यांतली एक आजही प्रसिद्ध आहे: ५ सप्टेंबर १८७७ रोजी ज्या कृष्णवर्णीयांना कान्सासला जायचे असेल त्यांना पाच डॉलरांत जाता येईल.

कंपनीचे जुलैचे पत्रक जरा लक्ष देऊन वाचावे असे आहे. त्यात म्हटले होते की माती काळी, सुपीक, वाळूमिश्रित आहे. नदीला भरपूर पाणी आहे. झरे आहेत. बांधकामाला उत्तम दगड आहे. थोडे लाकूड आहे, जळणापुरते पुरेल. कोळसाही सापडेल याची आम्हाला खात्री वाटते.

आता एकेक दावा तपासू. माती खरोखर चांगली होती; आजही तिथे गहू पिकतो. दगडही खरा होता. तिथला चुनखडीचा दगड पुढे चर्च आणि घरांना लागला. पण लाकूड नदीकाठच्या चार झाडांपुरते होते. कोळशाची खात्री पोकळ निघाली. माणसांनी सूर्यफुलाची वाळलेली ताटे आणि गव्यांचे (अमेरिकी बायसनचे) वाळलेले शेण जाळले. आणि पावसाबद्दल पत्रक काही बोलत नव्हते. हा भाग शंभराव्या पश्चिम रेखांशाला अगदी लागून आहे आणि तिथून पश्चिमेला कोरडवाहू शेतीची खात्री झपाट्याने कमी होत जाते. जे खरे होते ते पत्रकात ठळक होते, जे नव्हते ते आशेच्या भाषेत होते आणि जे घातक होते ते गाळलेले होते. जमिनीची कुठलीही जाहिरात आजही याच तीन कप्प्यांत वाचावी असे मला वाटते.

जमिनीतून येणारा धूर

सप्टेंबर १८७७ मध्ये तीनशेहून अधिक माणसे केंटकीहून रेल्वेने कान्सासमधल्या एलिस गावी उतरली. एलिसपासून निकोडेमस साधारण ५५ किलोमीटर. तिथून पुढे गाडीरस्ता नव्हता, रेल्वे नव्हती. माणसे चालत निघाली.

पोहोचल्यावर गाव कुठेच दिसेना. आधी आलेल्या मोजक्या कुटुंबांनी टेकाडांच्या उतारात खणून घरे केली होती, त्यांना तिकडे डगआउट म्हणतात. तीन बाजूंना माती, पुढे थोडी भिंत, वर फांद्या आणि गवताच्या ढेपा. दुरून पाहिले तर उघडा माळ. काही कुटुंबे संतापून लगेच परत फिरली. हिलवर लोकांचा राग एवढा होता की त्याच्या जिवावर बेतले असते.

पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण नोंदलेली आहे आणि निकोडेमसबद्दल लिहिताना ती कुणालाच टाळता येत नाही. त्या धर्मोपदेशक डॅनियल हिकमन यांच्या पत्नी. एलिसला मुक्काम असताना गोवराची साथ आली आणि टोळीतली काही मुले दगावली. पुढचा प्रवास होकायंत्राच्या भरवशावर, हरणांच्या आणि गव्यांच्या पाऊलवाटांनी. निकोडेमस टप्प्यात आल्यावर पुरुष ओरडले की ते बघा निकोडेमस. बाई आजारी होत्या, त्यांना आनंद झाला. त्यांनी डोळे ताणून पाहिले. गाव कुठे आहे, मला दिसत नाही, असे त्यांनी विचारले. नवऱ्याने जमिनीतून वर येणारे धुराचे लोट दाखवले: तेच निकोडेमस. त्या रडू लागल्या.

मला या आठवणीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. हिकमन दांपत्य राहिले. बाईंनी पुढे तिथे संसार केला, मुले वाढवली. फसवणूक झाली हे कळल्यावरही राहण्याचा निर्णय म्हणजे भाबडेपणा नव्हता. परत जाऊन तरी काय मिळणार होते? दुसऱ्याच्या जमिनीवर मजुरी. इथे उघडा माळ होता, पण पाच वर्षांनी तो आपला होणार होता.

पहिल्या हिवाळ्यात उपासमार झाली. नांगर नव्हते, घोडे जवळजवळ नव्हते. हजारो वर्षांच्या गवताच्या मुळांनी विणलेली ती जमीन माणसांनी फावड्यांनी आणि कुदळींनी फोडली. पुरुष मजुरीसाठी पूर्वेकडे गेले, रेल्वेच्या कामावर आणि दुसऱ्यांच्या शेतांवर. बायका मुलांसकट मातीच्या घरांत राहिल्या. माळावर विखुरलेली गव्यांची हाडे गोळा करून विकली. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ लोकांनी आपल्यातले मांस दिले, अशी आठवण वंशजांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राउंडट्री आणि इतरांनी पूर्व कान्सासमध्ये आणि त्याहून दूर फिरून अन्न, कपडे, बियाणे मागून आणले. याच हिवाळ्याच्या तोंडावर चार्ल्स आणि एमा विल्यम्स यांच्या पोटी हेन्री जन्मला, निकोडेमसमध्ये जन्मलेले पहिले मूल.

१८७९ मध्ये वसाहतीने दोन गोष्टी केल्या. टाउन कंपनी विसर्जित केली. आणि बाहेरून मदत मागणे थांबवले. मी या प्रकरणातला पहिला खरा वळणबिंदू इथे धरतो. कंपनी गेली म्हणजे गावाशी हिलचा औपचारिक संबंध संपला. तो पश्चिमेला जाऊन हिल सिटी वसवण्यात गुंतला, जे पुढे १८८८ मध्ये काउंटीचे मुख्य ठिकाण झाले आणि आजही आहे. निकोडेमस त्यानंतर तिथे राहणाऱ्यांचे झाले.

शाळा, चर्च आणि एक कारकून

शाळा सर्वांत आधी आली. झॅकरी फ्लेचर आणि त्यांची पत्नी जेनी यांच्या डगआउटमध्ये वर्ग भरत. जेनी फ्लेचर म्हणजे कंपनीचे अध्यक्ष स्मिथ यांची मुलगी. गावातली पहिली शिक्षिका त्याच. १८७९ मध्ये शाळेचा अधिकृत विभाग स्थापन झाला तो, निकोडेमस जिच्यात येते त्या ग्रॅहम काउंटीतला पहिला, म्हणून शाळेचे नाव पुढेही 'डिस्ट्रिक्ट नंबर वन' असेच राहिले. ज्या पिढीला लिहायला-वाचायला शिकण्याची संधी नाकारली गेली होती, तिने काउंटी पुरती उभी राहण्याआधी शाळा मागून घेतली होती. फ्लेचरांनी १८८० च्या सुमारास सेंट फ्रान्सिस हॉटेल बांधले, घोड्यांचा तबेला काढला, पोस्टाचे काम पाहिले. ती हॉटेलची इमारत आजही उभी आहे.

१८७८ मध्ये शिकागोहून एडवर्ड मॅकेब नावाचा कृष्णवर्णीय तरुण निकोडेमसला आला. ग्रॅहम काउंटी १८८० मध्ये औपचारिकपणे संघटित झाली तेव्हा तो तिचा कारकून झाला, आणि १८८२ मध्ये कान्सास राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. १८८४ मध्ये पुन्हा. युद्धोत्तर दक्षिणेतली राज्ये वगळली तर राज्यपातळीच्या पदावर निवडून आलेला तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. पुढे तो ओक्लाहोमाला गेला आणि तिथे लँगस्टन या कृष्णवर्णीय गावाच्या उभारणीत पुढे राहिला. मॅकेबचे मोठेपण सांगताना मला त्यामागचा साधा हिशोबही दिसतो: नव्या काउंटीत मतदार थोडे असतात आणि निकोडेमसचे मतदार एकगठ्ठा होते. पालिका नसलेल्या वस्तीने काउंटीच्या कचेरीत आपला माणूस बसवला होता.

१८८० च्या दशकाच्या मध्यात पावसाने साथ दिली. दगडी इमारती आल्या. दुकाने, हॉटेले, चर्च, आणि चक्क दोन वर्तमानपत्रे: १८८६ मध्ये 'वेस्टर्न सायक्लोन' आणि १८८७ मध्ये 'निकोडेमस एंटरप्राइज'. दुकानदारांत आणि संपादकांत गोरेही होते. कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात गोरे व्यापारी येऊन दुकान थाटत होते, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

सोळा हजार डॉलरांचे रोखे

आता रेल्वे. त्या माळरानावर रेल्वे म्हणजे केवळ प्रवासाचे साधन नव्हते. गहू बाजारात पोहोचवायचा तर बैलगाडीने किंवा घोडागाडीने ५०-६० किलोमीटर न्यायचा, त्यात नफा विरघळून जाई. ज्या गावाला स्थानक मिळे तिथे धान्याची खरेदी होई, तिथेच लाकूड, औजारे, कापड उतरे. स्थानक मिळालेले गाव शेजारच्या गावांचा बाजार ओढून घेई. रेल्वे कंपन्यांना हे पक्के माहीत होते. म्हणून त्या गावांना सांगत: रोखे काढा, पैसा उभा करा, मग मार्ग तुमच्याकडून नेऊ.

१८८७ च्या मार्चमध्ये निकोडेमसच्या टाउनशिपने मिसूरी पॅसिफिक रेल्वेसाठी १६,००० डॉलरांचे रोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी फावड्याने जमीन फोडणाऱ्या, अन्नासाठी हात पसरावे लागलेल्या लोकांनी एवढी रक्कम मान्य केली. वर्तमानपत्रांनी गावाच्या भविष्याची रंगीत चित्रे काढली. युनियन पॅसिफिकही या भागात मार्ग शोधत होती. दोनपैकी एक तरी येईल असे वाटत होते.

मिसूरी पॅसिफिकने पूर्वेकडच्या स्टॉकटनच्या पुढे हा मार्ग नेलाच नाही. युनियन पॅसिफिक आली, पण सॉलोमन नदीच्या दक्षिण काठाने. १८८८ मध्ये नदीपलीकडे, काही किलोमीटरवर, रेल्वेच्या कामाचा तळ पडला आणि त्याचे बोग नावाचे गाव झाले. निकोडेमसचे व्यापारी तिकडे हलले. दुकाने गेली, वर्तमानपत्रे बंद पडली. ज्यांना हलवता येण्यासारखे काही होते ते हलले. त्यांत गोरे दुकानदार होते, तसे काही कृष्णवर्णीय कुटुंबेही.

रेल्वेने निकोडेमसला वर्णद्वेषापोटी टाळले का, हा प्रश्न या प्रकरणात नेहमी विचारला जातो. मी सावध उत्तर देईन. त्या काळात शेकडो गोऱ्या गावांनाही रेल्वेने असेच वाऱ्यावर सोडले. मार्ग, चढ-उतार, पूल, जमिनीचे व्यवहार, कंपन्यांमधली स्पर्धा, सगळे त्यात असे. पण हेही खरे की ज्याच्यापाशी भांडवल आणि राजधानीतली ओळख असते त्याला रेल्वे वळवून घेता येते, आणि निकोडेमसपाशी दोन्ही तुटपुंजे होते. ते का तुटपुंजे होते याचे उत्तर केंटकीच्या शेतांतल्या गुलामीत दडलेले होते. एका बैठकीत कुणी द्वेषाने निर्णय घेतला असे सिद्ध करायची गरजच पडत नाही.

जमीन कोणाच्या नावावर

बहुतेक वेळा गोष्ट इथे थांबवतात: रेल्वे गेली, गाव मेले. पण इमारतींच्या तारखा पाहा. आजचे फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचे दगडी बांधकाम १९०७ चे आहे, म्हणजे पेठ उठल्यानंतर १९ वर्षांनी. शाळेची आजची इमारत १९१८ ची, म्हणजे ३० वर्षांनी. मेलेले गाव चर्च बांधत नाही. मुले नसलेले गाव शाळा बांधत नाही.

त्या काळात निकोडेमसची खरी वस्ती गावठाणात नव्हती, आसपासच्या टाउनशिपभर शेतांवर पसरलेली होती. १८७७-७८ मध्ये आलेल्यांपैकी जे टिकले त्यांच्या होमस्टेडच्या पाच वर्षांची मुदत १८८० च्या दशकात पुरी झाली. आपल्या भाषेत सांगायचे तर उताऱ्यावर त्यांचे नाव लागले. दुकानदाराचे भांडवल मालात असते, तो गाडीत भरून बोगला नेता येतो. शेतकऱ्याचे भांडवल जमिनीत असते. दुकाने बोगला गेली तरी शेतकरी आपल्या शेतावरच राहिला आणि सामान आणायला बोगला जाऊ लागला. रविवारी मात्र तो निकोडेमसच्याच चर्चमध्ये यायचा, मुलांना निकोडेमसच्याच शाळेत पाठवायचा, सोयरीक तिथेच जुळवायचा. १८९० च्या दशकात दुष्काळ आले, कर्जे आली, काहींच्या जमिनी गेल्या. तरी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, विशेषतः पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले तेव्हा, या शेतवस्तीला बरे दिवस आले.

मोडले ते १९३० च्या दशकात. मंदी आणि धुळीची वादळे एकदमच आली. माती उडाली, भाव कोसळले, तरुण शहरांकडे गेले. तेव्हाही एक इमारत बांधली गेली. सरकारच्या रोजगार योजनेतून, डब्ल्यू. पी. ए. च्या कामातून, १९३९ मध्ये चुनखडीचे टाउनशिप हॉल उभे राहिले. टाउनशिपच्या सभा, नाच, जेवणावळी सगळे तिथेच. पालिका नसलेल्या वस्तीला मिळालेली ही सरकारी वास्तू टाउनशिपच्या नावाने आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांनी शेती मोठी आणि शेतकरी थोडे केले. मग पोस्ट, मग शाळा.

पहिला ऑगस्ट

निकोडेमसचे लोक १८७८ पासून मुक्तीचा सोहळा साजरा करत आले आहेत. ती तारीख लिंकनच्या घोषणेची नाही. १ ऑगस्ट १८३४ रोजी वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींत गुलामी संपली, ती ही तारीख. अमेरिकेतले कृष्णवर्णीय स्वतःची मुक्ती होण्याआधीपासून हा दिवस पाळत, आणि केंटकीहून आलेल्यांनी तो माळावर रुजवला. जेवण, मिरवणूक, बेसबॉल, संगीत, भाषणे. हळूहळू त्याचे 'होमकमिंग' झाले आणि आता तो जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस भरतो.

गावाला टिकवणारी यंत्रणा कुठली, असे मला विचारले तर मी आधी जमिनीकडे आणि लगेच या सोहळ्याकडे बोट दाखवीन. शहरात गेलेल्या माणसाला परत येण्याची तारीख ठरलेली होती. शेतावर राहिलेल्या भावाकडे उतरायला घर होते. मुलांनी आजीआजोबांच्या तोंडून धुराची गोष्ट त्याच जागेवर उभे राहून ऐकली. पोस्ट बंद झाल्यावरही हे चालू राहिले, कारण त्याला कुठल्या खात्याची मंजुरी लागत नव्हती. याच मातीतला व्हेरिल स्वित्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाने खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत निवडला. फ्लेचरांचे जुने हॉटेल पुढे स्वित्झर कुटुंबाचे घर झाले, म्हणून इमारतीला आज दोन्ही घराण्यांची नावे आहेत.

या येण्या-जाण्यातूनच पुढची पायरी निघाली. १९७६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा पहिला दर्जा मिळाला. त्याने पाटी लागली, छपरे दुरुस्त झाली नाहीत. वंशज अँजेला बेट्स यांनी १९८८ मध्ये निकोडेमस हिस्टॉरिकल सोसायटी उभी केली आणि गावाच्या जतनासाठी सातत्याने पाठपुरावा केला. नोव्हेंबर १९९६ मध्ये अमेरिकी संसदेच्या कायद्याने निकोडेमस राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीतील ऐतिहासिक स्थळ झाले. कायद्यात पाच इमारती नाव घेऊन नोंदवल्या आहेत: फर्स्ट बाप्टिस्ट चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल, डिस्ट्रिक्ट नंबर वनची शाळा, ए. एम. ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च आणि टाउनशिप हॉल. या पाच इमारती ज्या क्षेत्रात आहेत त्याचे मोजमापही कायद्यात दिले आहे: सुमारे १६१ एकर. १८७७ साली कंपनीने कागदावर आखून विकायला काढलेले गावठाण होते १६० एकरांचे.

पाहुण्यांचे माहिती केंद्र टाउनशिप हॉलमध्येच आहे. आजूबाजूला गव्हाची शेते आहेत आणि त्यांतली काही अजूनही पहिल्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांच्या नावावर आहेत.